डबलसीट जाण्याआधी

अगं, लास व्हेगासला बाइक भाड्याने घ्यायची, युटा-ॲरिझोनाच्या लाल दऱ्याखोऱ्यांत डबलसीट भटकायचं आणि परत व्हेगासला आणून सोडायची, हा तुमचा बेत मला मनापासून आवडला. मी इतकी वर्षं या बाजूला राहतेय, आम्ही दोघंही याच रस्त्यांवर मोटरसायकलने फिरतो, त्यामुळे मला त्यातलं सुखही माहीत आहे आणि पाठदुखीही. पण निखिलने केलेला तक्ता बघितला आणि तुझ्याशी बोलायलाच हवं असं वाटलं. रोज ३०० मैल, रोज नवा मुक्काम आणि ‘थांबे’ या रकान्यात फक्त पेट्रोलपंप! आमचे जावईबापू झकास बाइक चालवतात, लडाख करून आलेत, सगळं मान्य. पण तो तक्ता पुढच्या सीटवरून केलेला आहे. मागच्या सीटवरचं तुला कुणी सांगणार नाही, ते मी सांगते.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. बाइकवर पुढच्याला रस्ता दिसतो आणि मागचीला मुलूख. वळणावर चालवणाऱ्याची नजर वळण जिथे सुटतं तिथे हवी. ती दरीकडे गेली की गाडीही तिकडेच ओढली जाते. म्हणजे जिथे बघण्यासारखं सगळ्यात जास्त, नेमकं तिथेच त्या बिचाऱ्याला मान वळवायची सोय नाही. ३०० मैलांच्या दिवसात निखिल बघणार काय, तर डांबर आणि पिवळी रेघ. तुम्ही थांबाल तेव्हाच एक गोष्ट दोघांना एकदम दिसेल. म्हणून कुठे थांबायचं आणि किती वेळ, ते तू ठरव. गाडी त्याची, थांबे तुझे. आणि हे इकडे रस्त्यात भांडून मिळवू नकोस, घरूनच ठरवून निघ.

दिवसाला १५० मैल भरपूर झाले. व्हेगास ते झायन साधारण १६० मैल, तिथे दोन रात्री काढा. तिथून ब्राइस कॅन्यन ८५ च्या आसपास. मग १२ नंबरच्या रस्त्याने टोरी, पुढे कॅपिटल रीफ, हँक्सव्हिल, नॅचरल ब्रिजेस, मेक्सिकन हॅट, मॉन्युमेंट व्हॅली, पेज आणि कनाबवरून परत. निखिल म्हणेल, मग ग्रँड कॅन्यन? त्याला सांग, पुढच्या खेपेला. एका खेपेत सगळं उरकायला गेलं की शेवटचे दोन दिवस नुसते अंतर कापण्यात जातात.

या मार्गाची एक खुबी आहे, ती कळली की थांबायला आपोआप कारण मिळतं. भूशास्त्रज्ञ ग्रँड कॅन्यनपासून ब्राइसपर्यंतच्या मुलखाला ‘ग्रँड स्टेअरकेस’ म्हणतात. ग्रँड कॅन्यनच्या कडेवर जो सगळ्यात वरचा थर, तो झायनच्या तळाशी; आणि झायनच्या माथ्यावरचे थर ब्राइसच्या पायथ्याशी. म्हणजे झायनहून ब्राइसकडे जाताना तुम्ही कोट्यवधी वर्षं वर चढत असता. आपल्या सह्याद्रीचा कातळ लाव्ह्याचा, काळा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथे सगळा वाळूचा नि गाळाचा खडक. झायनचे ते उभे कडे म्हणजे जुरासिक काळातल्या वाळवंटाच्या टेकड्या, दगड झालेल्या. लाल रंग त्यातल्या लोखंडाच्या गंजाचा. झायनमधल्या रस्त्याच्या बोगद्याच्या पूर्वेला चेकरबोर्ड मेसा नावाचा डोंगर आहे, तिथे थांबायला लाव. त्याच्या अंगावरच्या आडव्यातिरक्या रेघा त्या काळी वाळू कुठल्या दिशेने साचत गेली ते दाखवतात. हे चालत्या गाडीवरून कळत नाही.

तो बोगदा १९३० साली खुला झाला, लांबी सुमारे १.८ किलोमीटर, आत दिवे नाहीत आणि थांबायला मनाई. निखिलला आत शिरण्याआधी काळा गॉगल उतरवायची आठवण कर. भगभगीत उन्हातून एकदम काळोखात शिरताना काही क्षण काहीच दिसत नाही. आणि मौसमात झायनच्या मुख्य दरीत खासगी गाड्या सोडत नाहीत, शटल बसने जावं लागतं. मग जॅकेटं आणि हेल्मेटं दिवसभर हातात वागवणार का? तारेचं एक लांब कुलूप घ्या, दोन्ही हेल्मेटं आणि जॅकेटांच्या बाह्या त्यात ओवून बाइकला अडकवा. साधीशी गोष्ट, पण चालायची मजा त्यावर ठरते.

कपड्यांचं नीट ऐक. तू ‘वाळवंट’ ऐकून सुती कुर्ते काढून ठेवले असशील. व्हेगास समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर, ब्राइसची कड ८,००० ते ९,००० फुटांवर. सकाळी घामाघूम आणि संध्याकाळी दातावर दात. ब्राइसला वर्षातले जवळजवळ निम्मे दिवस तापमान गोठणबिंदूच्या खाली-वर होत राहतं. भेगांतलं पाणी रात्री गोठून फुगतं, दिवसा वितळतं, आणि त्यानेच खडकाचे ते उंच सुळके कोरले गेलेत. पाय्यूट लोकांच्या कथेत ती कोयोटेने दगड करून टाकलेली माणसं आहेत. तर जे पाणी दगड फोडतं ते तुझी बोटंही सोडणार नाही. मे महिन्यातही जाडे हातमोजे आणि थर्मल हवेच. जायचंच असेल तर एप्रिलचा शेवट ते मे, नाहीतर मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्ट सोडून दे.

आता उन्हाचं. ॲरिझोनाच्या बाजूला पारा ४० च्या वर गेला की वारा गार करत नाही, उलट तापवतो, कारण हवाच अंगापेक्षा गरम असते. चालत्या बाइकवर तो वारा म्हणजे भट्टीचं दार तोंडासमोर उघडं. अशा वेळी इथले कित्येक जण जॅकेट काढून टी-शर्टवर बसलेले दिसतील. तू बसू नकोस. घाम इतका पटकन उडून जातो की तो येतोय हेच समजत नाही. आतला टी-शर्ट पेट्रोलपंपावर ओला करायचा, वर जाळीचं जॅकेट घालायचं. पाणी हळूहळू उडतं आणि अंग गार राहतं. पाणी नुसतं पिऊ नकोस, इलेक्ट्रॉलची पाकिटं पुण्याहूनच आण. पाण्याची जबाबदारी तू घे. चालवणाऱ्याला तहान जाणवत नाही, तो चिडचिडा होतो एवढंच. निखिल विनाकारण चिडला की आधी पाण्याची बाटली पुढे कर, भांडण नंतर.

आणि पाणी प्यायलं की पुढचं आलंच. बायका या भीतीने पाणी पीत नाहीत, मला माहीत आहे. तू असं करू नकोस. राष्ट्रीय उद्यानांतल्या बहुतेक मोठ्या ठिकाणी साधी संडासं असतात, पाणी नसलं तरी स्वच्छ. दिसेल तिथे जाऊन ये, गरज असो-नसो. कारण मधल्या पट्ट्यांत झुडपाआड जाते म्हणावं, तर झुडूप गुडघ्याएवढं. तरी वेळ आलीच, तर जमिनीवर काळपट, खडबडीत साय धरल्यासारखी माती दिसेल, तिच्यावर पाय देऊ नकोस. ती जिवंत असते. सूक्ष्म जिवाणू, शेवाळ आणि दगडफुलं मिळून ती वाळू धरून ठेवतात. एका पावलाने मोडली की सावरायला कित्येक वर्षं लागतात. दगडावरून किंवा कोरड्या ओहोळाच्या वाळूतून चालत जा. पाळीच्या तारखा बघून मुक्काम आखा. लाजू नकोस, निखिलला सरळ सांग की या दोन दिवसांत फार बसणार नाही. वापरलेलं सगळं परत न्यायला झिपच्या पिशव्या ठेव. जीन्स नको, तिची शिवण टोचते. सायकलवाल्यांची गादी असलेली चड्डी आत घाल. केसांची घट्ट वेणी. नाक-ओठांना व्हॅसलीन, नाहीतर कोरड्या हवेने नाकातून रक्त येतं आणि उगाच घाबरतेस.

हेल्मेटचा नियम इथे राज्यागणिक वेगळा. नेवाडात सगळ्यांना सक्ती, युटात २१ वर्षांवरच्यांना नाही, ॲरिझोनात १८ वर्षांवरच्यांना नाही. तुमच्यासाठी नियम एकच: डोक्यावरून काढायचं नाही, फोटोपुरतंसुद्धा चालत्या गाडीवर नाही.

आता भीतीबद्दल बोलू, कारण ती तुला वाटणार. १२ नंबरच्या रस्त्यावर एस्कलांटे आणि बोल्डर या गावांमध्ये हॉगबॅक म्हणून पट्टा आहे. डोंगराची धार, तिच्यावर दोन पदरी रस्ता, दोन्ही बाजूंना खाली दरी आणि बराच भाग कठड्याशिवाय. वरंधा घाटात निदान एका हाताला डोंगर असतो! बोल्डर इतकं आडबाजूला, की १९३० च्या दशकातही तिथे टपाल खेचरांवरून येई. तिथून पुढे रस्ता ९,६०० फुटांपर्यंत चढतो आणि वर मोकाट गुरं रस्त्यावर येतात, संध्याकाळी हरणंही. म्हणून सूर्य मावळायच्या आत मुक्कामाला पोचायचं, यात तडजोड नाही.

त्याहून कसोटीची जागा म्हणजे मोकी डगवे. २६१ नंबरचा रस्ता चांगला डांबरी चाललेला असतो आणि एकदम कड्याच्या टोकाला येऊन संपल्यासारखा वाटतो. तिथून ३ मैल खडी-मातीची वेडीवाकडी वळणं, उतार ११ टक्क्यांपर्यंत, आणि सुमारे १,१०० फूट खाली. १९५० च्या दशकात युरेनियमच्या खनिजाचे ट्रक उतरवायला तो बांधला. वरून मॉन्युमेंट व्हॅलीपर्यंतचा देखावा दिसतो, निखिलच्या तोंडाला पाणी सुटेल. पण तुमची भाड्याची टूरिंग बाइक साडेतीनशे किलोच्या वर, त्यावर तुम्ही दोघं आणि सामान, खाली सुटी खडी. लडाखला त्याच्याखाली याच्या निम्म्या वजनाची गाडी होती. आमच्या घरात याला एक नियम आहे: दोघांपैकी जो जास्त घाबरलाय, त्याचं ऐकायचं. कारण विचारायचं नाही, टोमणा मारायचा नाही, हॉटेलवर गेल्यावर चेष्टाही नाही. मोकी डगवेच्या तोंडाशी थांबा, वरून डोळे भरून बघा आणि तुला नको वाटलं तर ९५ नंबरवरून ब्लँडिंगला वळसा घाला. वेळ जास्त लागेल. लागू दे.

हाच नियम उलटही लागू आहे बरं का. तुला पुढे जायचंय आणि तो म्हणाला, ‘आज नको, वारा फार आहे’, तर मुकाट्याने हॉटेलात बसायचं. आडवा वारा भरलेल्या बाइकला सरकवतो, ते हँडल धरणाऱ्याच्या मनगटाला कळतं, तुला नाही.

पावसाचं एक. या भागातही मान्सून असतो, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. आपल्यासारखी झड नसते. दुपारी कुठेतरी लांब काळा ढग फुटतो आणि तुमच्या डोक्यावर कडक ऊन. १२ ऑगस्ट १९९७ ला पेजजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये लांबवर पडलेल्या पावसाचं पाणी लोंढ्याने आलं आणि ११ पर्यटक गेले. अरुंद घळीत पळायला जागा नसते आणि तो कातळ पाणी शोषत नाही. आता तिथे वाटाड्याशिवाय प्रवेशच नाही, आणि त्याने ‘आज बंद’ म्हटलं तर हुज्जत घालायची नाही. रस्ता ओलांडून पाणी वाहताना दिसलं, तर ते ओसरेपर्यंत अलीकडेच थांबा.

मॉन्युमेंट व्हॅलीला जाल तेव्हा लक्षात ठेवा, ते राष्ट्रीय उद्यान नाही. ती नवाहो लोकांची जमीन, त्यांनी १९५८ साली स्वतः केलेलं उद्यान. तुमचा राष्ट्रीय उद्यानांचा पास तिथे चालत नाही. जॉन फोर्डच्या १९३९ च्या ‘स्टेजकोच’पासून ती जागा सिनेमावाल्यांनी जगभर नेली, पण तिथे माणसं राहतात, मेंढ्या पाळतात, आणि नवाहो मुलखातल्या बऱ्याच घरांत आजही नळाचं पाणी नाही. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो नको, दारू नको, तिथे तिला बंदी आहे. आतल्या १७ मैलांच्या मातीच्या फेरीवर मोटरसायकली सोडत नाहीत. निखिल खट्टू होईल; तू खूश हो. नवाहो वाटाड्याच्या जीपमधून जा. तेवढे दोन तास निखिलही मागच्या सीटवर, आणि त्याला पहिल्यांदाच मान फिरवून हवं तिकडे बघता येईल. फ्राय ब्रेड खा, आपल्या पुरीची थोरली बहीण. घड्याळाचा मात्र घोळ आहे: उन्हाळ्यात नवाहो भागात घड्याळ एक तास पुढे, बाकी ॲरिझोनात नाही. फोन मधेच वेळ बदलतो. फेरीचं बुकिंग करताना ‘कुणाच्या घड्याळाने?’ हे विचारून घे.

थोडी रुक्ष कामं आहेत, ती उरकू. निखिलच्या परवान्यावर ‘मोटरसायकल विथ गिअर’ हवंच, सोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना. प्रवासविम्याची बारीक अक्षरं तू वाच. बऱ्याच पॉलिस्यांत मोटरसायकल वगळलेली असते किंवा इंजिनावर मर्यादा असते. इथला दवाखान्याचा खर्च तुला माहीत आहे. पेट्रोलच्या मशीनने पिनकोड मागितला आणि आपलं कार्ड घेतलं नाही, तर आत जाऊन आधी पैसे भरायचे. हँक्सव्हिल ते ब्लँडिंग १२० मैलांच्या वर पंपाचा भरवसा नाही, तिथे टाकी अर्धी असली तरी भरा. फोनला कित्येक तास रेंज नसते. नकाशे आधी उतरवून ठेव.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, इथे उजवीकडून चालवतात. भर रहदारीत माणूस चुकत नाही, समोरच्या गाड्या बघून जातो. चूक होते ती रिकाम्या जागी, पंपावरून किंवा एखाद्या देखाव्याच्या जागेवरून निघताना. आपला जन्माचा हात डावीकडे वळतो आणि रस्त्यावर चिटपाखरू नसतं. म्हणून दर वेळी निघताना त्याच्या कानाशी मोठ्याने म्हण: ‘उजवीकडे.’ तो म्हणेल, माहितीये गं. म्हणू दे. तू तरीही म्हण, शेवटच्या दिवसापर्यंत.

हेल्मेटमधला इंटरकॉम घ्या, पण त्यावर संसार करू नका. वळणावर ‘आईंचा फोन आला होता’ हे सांगायचं नाही. दिशा, पाणी, थांब, एवढंच. मार्ग बदलायचा असेल, तर गाडी बंद, हेल्मेटं खाली, मग चर्चा. इंटरकॉमची बॅटरी संपली तर खुणा: खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांब. खडीवर किंवा उतारावर गाडी उभी करायची असेल तर आधी तू उतर. चढताना ‘चढू का?’ विचार आणि त्याने दोन्ही पाय टेकून ‘हो’ म्हटल्यावरच पाय टाक. बाकी तासन्‌तास गप्प राहिलात तर काही बिघडलंय असं समजू नकोस. माझ्या मते लग्नातला तो सगळ्यात चांगला प्रकारचा अबोला आहे.

आता एक गोष्ट फक्त तुझ्यासाठी. १९१६ साली ऑगस्टा आणि ॲडलाइन व्हॅन ब्यूरन या दोन बहिणींनी ब्रुकलिनहून निघून आपापल्या मोटरसायकलवर अख्खी अमेरिका ओलांडली. पुरुषी कपडे घातले म्हणून वाटेत पोलिसांनी त्यांना पकडलं. युटात सॉल्ट लेकच्या पश्चिमेच्या वाळवंटात त्या रस्ता चुकल्या, पाणी संपत आलं, आणि खनिज शोधत फिरणाऱ्या एका माणसाने त्यांना पाणी देऊन वाचवलं. बायका सैन्यात मोटरसायकलवरून निरोप पोचवू शकतात हे त्यांना दाखवायचं होतं. सैन्याने तरीही ॲडलाइनचा अर्ज नाकारला. हे का सांगते? कॉलेजात तू बाबांची बुलेट गल्लीतून फिरवायचीस. मधे परवान्याचं राहून गेलं. या खेपेला मागे बस, मजेत बस. पण परत गेल्यावर तुझ्या परवान्यावरही ते तीन शब्द चढव. मग पुढच्या खेपेला अर्धा रस्ता तुझा आणि मोकी डगवेच्या तोंडाशी पोटात गोळा येण्याची पाळी निखिलची.

तोवर आजच रात्री जेवण झाल्यावर विषय काढ. दिवसाला १५० मैल, थांबे तुझे, घाबरलेल्याचा शब्द शेवटचा, या तीन गोष्टी त्याच्या तोंडून वदवून घे. हसत कबूल झाला, तर खुशाल बाइक बुक करा. कुरकुरला, तर कार घ्या, एसी लावा आणि तेच सगळं बघून या. मात्र ‘थांब’ म्हणायचा तुझा हक्क कारमध्येही सोडू नकोस.